मनूच्या हातात कोबाल्ट द्यावा का

बुधवारा, बऱ्हाणपूर
१८ जून २०२३

प्रिय गोटू,

तुझा मेसेज येऊन महिना झाला. मी नुसता अंगठा पाठवला आणि गप्प बसले, म्हणून तू रागावला असशील. रागावलास तरी तू बोलून दाखवणार नाहीस, ते वेगळं. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू दोन वाक्यांत "जाऊ दे ना ताई" म्हणतोस आणि मी पण लगेच जाऊ देते. ह्या वेळी मला जाऊ द्यायचं नाही, म्हणून शाळेतले कोरे ताव घेऊन बसले आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस, पोरांची अक्षरं तपासून तपासून माझंच बिघडलं आहे.

तू विचारलंस ते असं. दिवाळीत मनूने माझ्या कपाटात आपला जुना, हातात धरून खेळायचा गेम पाहिला. तेव्हापासून ती "आत्याकडचा कोबाल्ट पाहिजे" म्हणून तुझं डोकं खाते आहे. तर सहा वर्षांच्या पोरीला तो द्यावा का, त्यात चांगलं काय आणि वाईट काय, ते कळव. इथपर्यंत ठीक. पण खाली तू लिहिलंस, "मला तर त्यातलं काहीच आठवत नाही, माझं डोकं तुला माहीतच आहे." ते वाचलं आणि मी मोबाईल पालथा घालून ठेवला.

त्याच आठवड्यात सुनंदाचा फोन आला होता. तुला न सांगता केला म्हणून तिच्यावर डाफरू नकोस, बायको आहे तुझी, तिने अजून कुणाला सांगायचं? म्हणाली, तू नोकरीला आहेस त्या शाळेने तुला वसतिगृहाचा रेक्टर हो म्हटलं, राहायला दोन खोल्या, पोरं तर आधीच तुझ्या मागे मागे असतात, आणि तू सरळ नाही म्हणालास. का, तर "चाळीस पोरं माझ्या भरवशावर नकोत." मनूला शाळेत सोडायला तू एकटा जात नाहीस. तो हमरस्ता ओलांडायला सुनंदाच सोबत लागते, ती रोज कामावर उशिरा पोचते आणि रोज बोलणी खाते. गॅस बंद केला का बघायला तू जिन्यावरून चार चार वेळा परत येतोस. आणि आता मनूला एक जुलैला तिच्या आजोळी नेऊन ठेवायचं, तिकडच्याच शाळेत घालायचं, असं तू ठरवलंस. "माझ्यासारख्याजवळ पोर असू नये," असं म्हणालास म्हणे. सुनंदा रडत होती आणि मी इकडे नुसतं हं, हं करत होते.

असो. आधी खेळाचं लिहिते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तो डबा बाहेर काढला. बॅटरी फुगून बसली होती, मोबाईलवाल्याने कुठल्याशा फोनची कापून आत बसवून दिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा खेळले. हे म्हणाले, बत्तीस वर्षांची मास्तरीण, काय चाललंय काय? मी म्हटलं, भाचीसाठी तपासणी चालू आहे. उत्तरपत्रिकेसारखी तपासली, खरंच.

चांगलं हे की त्यातला गाव खरा वाटतो. मनूला सांगायला सोपं करून सांगते: समुद्रात बुडालेलं एक बंदर आहे, कुणी तरी ते सगळीकडून बंद करून टाकलं आहे, आणि निळ्या कपड्यातला कोबाल्ट एकटा आत अडकला आहे. बाकीच्या गेमसारखं पहिली पायरी झाली, दुसरी झाली, असं त्यात नाही. सगळं बंदर एकसंध आहे. गोदामं, बोगदे, शिड्या, पाण्याखालच्या खोल्या, कुठूनही कुठेही निघता येतं. पहिल्या दिवशी एक दार लागतं, ते काही केल्या उघडत नाही. पुढे कोबाल्टला भिंतीला चिकटायची ताकद मिळते, मग पाण्यात श्वास धरायची, मग भिंतीपलीकडचं दिसायची. तेव्हा तुम्हाला आपलं आपण आठवावं लागतं की अरे, ते दार! खेळ एका शब्दाने सांगत नाही. आणि ते दार उघडलं की जे वाटतं ना, ते मला डीएडचा निकाल लागला तेव्हा पण वाटलं नव्हतं.

मारामारी पण बरी आहे. समोरच्याचा हात उठला की नेमक्या वेळी बटण दाबायचं, कोबाल्ट तो हात वरच्या वर धरतो. घाई केली की मार खातो, उशीर केला तरी खातो. धीर शिकवणारी गोष्ट आहे, मनूला चालेल. शिवाय कोबाल्ट भाषण देत नाही. आजकालचे हे पडद्यावरचे वीर किती बोलतात रे! हा आपला गप्प, कामाशी काम. आपल्याला तर तेव्हा तो आवडायचं कारण अजून साधं होतं. गावी, फोपनारला, लाईट नसली तरी तो चालायचा.

तुला आठवत नाही म्हणतोस ना, मग मी आठवण देते. गजानन मामांनी सुरतेहून तो आणला, दोन हजार आठच्या उन्हाळ्यात. कुणाचा तरी वापरलेला, पाठीचं झाकण गायब, रबर लावून बॅटरी धरलेली, आणि आत हा एकच खेळ. तू नववीची परीक्षा दिलेली, मी बारावीची. सकाळ तुझी, दुपार माझी, पण खेळ दोघांचा मिळून एकच. तू जिथे सोडायचास तिथून मी पुढे. इंग्रजी आपल्याला येत होतं तेवढंच, म्हणून खोल्यांना आपणच नावं दिली. वाफ निघते ती खोली म्हणजे धुरपदाबाईची चूल. उंदरांचा बोगदा म्हणजे सोसायटीचं गोदाम. मालूबाईसारखी कंबरेवर हात ठेवून उभी राहणारी ती पुतळ्याची बाई, तिला तर तू रोज रामराम करायचास, बावळटा.

आता वाईट. सगळ्यात वाईट त्याचा नकाशा. एकावर एक मजले, आणि सगळे एकाच निळ्या रंगात, एकमेकांवर सांडल्यासारखे. आपण वर आहोत की खाली, तेच कळत नाही. मी ह्या उन्हाळ्यात तीनदा रडकुंडीला आले. मग मला तुझा नकाशा आठवला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर तू तो काढला होतास, बारा महिन्यांची बारा पानं, प्रत्येक मजल्याला वेगळी पेन्सिल. तोही मी ठेवला आहे. तो समोर घेऊन खेळले आणि मुद्दाम पडताळून पाहिलं. एकशे सदतीस खोल्या, गोटू. दोन चुकल्या आहेत, त्यातली एक माझ्या अक्षरात आहे. हा नकाशा तू बघून काढला नव्हतास, दुपारी गेम माझ्या हातात असायचा तेव्हा ओट्यावर पालथा पडून नुसता आठवून काढायचास. "ताई, खालच्या गोदामात तिसऱ्या शिडीपाशी दार होतं, आता तिथे जा," असं तू मला अकरा दिवसांनी सांगितलंस, आणि दार तिथेच होतं. चौदा वर्षांचं पोरगं. एवढं डोकं मला माझ्या वर्गात सोळा वर्षांत एकदाही दिसलेलं नाही. सोळा नाही, दहा वर्षांत. बघ, इथे पण मीच चुकले.

बाकीचे दोष छोटे आहेत. अक्षरं मुंगीएवढी, मनूचे डोळे जातील. मागे फिरणं फार, एक किल्ली विसरली की अर्धं बंदर परत तुडवा, आणि मारलेले गुंड तोवर पुन्हा जिवंत. मोठ्या शत्रूंमध्ये जीव नाही, एक तो लोखंडी खेकडा सोडला तर. बंदर बुडवणारा माणूस असं का वागला, ते शेवटी चार चित्रांत उरकलं आहे, वाचेपर्यंत चित्र जातं. आणि कोबाल्टला कधी काही होत नाही. उंचावरून पडतो, यंत्रात सापडतो, आणि मागच्या दिव्याच्या खोलीत पुन्हा धडधाकट उभा. मनूला खेळू देणार असशील तर हे तिला समजावून सांगावं लागेल. तू कसं सांगणार, तेही मला माहीत नाही. तुझी रिकामी उजवी बाही तिला रोज दिसतेच.

खेळलेलं सेव्ह करायचं तर त्या दिव्याच्या खोलीतच जावं लागतं. दोन दिव्यांमध्ये कधी कधी अर्धा तास जातो. आणि खेकड्याच्या आधीचा दिवा फार लांब आहे. मी त्याच्याशी चार दिवस हरत होते, तुला आठवत नसेल. त्या मंगळवारी पहिल्यांदा त्याचा एक नांगा तोडला होता.

आता लिहितेच. मध्ये उठून पाणी पिऊन आले, दोनदा.

वीस मे. दुपारचे सव्वा वाजले असतील. आप्पा तालुक्याला गेले होते, माय घरी. आपण दोघं केळीत, पाणी द्यायला. लाईट बाराला गेली होती, आणि त्या वर्षी ती कधी येईल ते तुला मला काय, वायरमनला पण माहीत नसायचं. म्हणून सगळ्या शिवारात स्टार्टरला ऑटो लावलेला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, माणसाने वाट बघत बसायला नको. तो खटका वर मोटरीच्या खोलीत, आणि मोटर खाली विहिरीत, आतल्या ओट्यावर, ती जुनी पट्ट्याची. पट्टा उतरला होता. लाईट यायच्या आत चढवून ठेवू म्हणून तू पायऱ्या उतरून गेलास. मी खोलीच्या दारात, सावलीत, खेकड्याशी लढत बसलेली. खटका माझ्या डोक्यावर दीड हातावर.

तू खालून हाक मारलीस. "ताई, ऑटो बंद कर." मी ऐकलं. तू पुन्हा ओरडलास, "केला का?" आणि मी म्हटलं, "हाव रे, केला." स्क्रीनवरून मान पण उचलली नाही. मनात होतं, हा एक नांगा झाला की उठते. बस एवढंच होतं मनात, दुसरं काही नाही. मग मोटरीचा आवाज आला, आणि मी, तुझी बहीण, काय विचार केला सांगू? बरं झालं, लाईट आली. असा विचार केला मी. मग तू ओरडलास.

लाल बटण मी दाबलं, ते खरं आहे. धावत खाली आले, ओढणीने तुझा हात बांधला, तेही खरं. शेजारच्या मळ्यातून मालूबाई आली आणि तिने गावभर केलं की पोरीने वेळीच मोटर बंद केली म्हणून पोरगा वाचला. गणपतीत माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. तू डाव्या हाताने पाटीवर अक्षरं गिरवत होतास तेव्हा. माय गेली ती माझ्या डोक्यावर हात ठेवून, "गोटूचा जीव तू राखला," म्हणत गेली. आणि तू दर राखीला डावं मनगट पुढे करतोस आणि मनूला सांगतोस, आत्या नसती तर तुझा बाप नसता. मी गाठ मारते आणि पेढा भरवते. पंधरा राख्या झाल्या.

पण त्याहून वाईट मी जळगावच्या दवाखान्यात केलं. तिसऱ्या दिवशी तू शुद्धीत आलास, आणि आप्पांनी विचारलं, ऑटो चालू असताना खाली गेलास कसा? तू म्हणालास, "मी ताईला सांगितलं होतं. ती हाव म्हणाली." आप्पा माझ्याकडे वळले. मी सतरा वर्षांची होते, घाबरले होते, हे सगळं खरं, पण त्याने काही धुतलं जात नाही. मी म्हटलं, "नाही आप्पा. ह्याने हाक मारलीच नाही. मी दारातच होते, मला ऐकू आलं असतं." तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघत होतास रे. मग तू म्हणालास, "मग मी विसरलो असेन." माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि स्वतःच्या कानांवरचा उठवलास.

त्यानंतर आप्पांनी तुला घरात, भावकीत, तुझ्या लग्नाच्या बैठकीत सुद्धा बेभान म्हटलं. "ह्याला सांगितलेलं राहत नाही, म्हणून हात घालवून बसला." मी ताटं वाढत होते तिथे. तू मान खाली घालून हसलास. मी एकदा पण तोंड उघडलं नाही. उघडणार होते, खूपदा. तुझी नोकरी लागू दे, लग्न होऊ दे, माय बरी होऊ दे. माय बरी झाली नाही, आणि मग तर वाटलं आता कशाला. तू खंडव्याला सुखात आहेस, असं मी समजून चालले होते. सुनंदाचा फोन येईपर्यंत.

एक अजून सांगायचं राहिलं, ते सांगून टाकते. पंधरा वर्षं मी माझ्या मनाची समजूत घालत आले की खेकड्याच्या लढाईत तो खेळ मध्ये थांबवताच येत नाही. खेळच तसा, मी तरी काय करणार. ह्या मे महिन्यात मी मुद्दाम तिथपर्यंत गेले आणि लढाई ऐन रंगात असताना पॉजचं बटण दाबलं. खेकडा थांबला. नांगा वर तसाच धरून उभा राहिला. मी अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले, तो हलला नाही. तेव्हाही थांबला असता. खटका बंद करून येऊन मी पुन्हा खेळले असते आणि कदाचित जिंकले पण असते.

गेल्या रविवारी मी फोपनारला गेले आणि आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे पोरगा खरं बोलत होता?" मी हाव म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मी निघेपर्यंत पाच-सहा वेळा विचारलं असेल. पोचवायला फाटकापर्यंत आले पण नाहीत. तुला फोन करायचा आहे म्हणतात, आणि करत नाहीत. त्यांचा आला तर उचल. माझा उचलू नकोस हवं तर. ह्या राखीला मी येणार नाही, तू बोलावल्याशिवाय कधीच येणार नाही. सुनंदाला हे पत्र वाचायला दे, तिला कळू दे तिने कुणाजवळ मन मोकळं केलं ते. माफी मागत नाही, मागायचं तोंड नाही मला. मी हे लिहिलं ते एवढ्यासाठी की एक तारखेच्या आत तुला कळावं. तू विसरला नव्हतास. तू हाक मारली होतीस, दोनदा, आणि खात्री करून मगच पट्ट्याला हात लावलास. तुझ्या जागी कुणीही शहाणा माणूस तेच करेल. मनूला आजोळी पाठवू नकोस. सोमवारी सुनंदाला तिच्या वेळेवर कामाला जाऊ दे, आणि पोरीचा हात धरून तो रस्ता तू एकटा ओलांड.

तुझीच लिहायला हात धजत नाही,
शारदा